शरणव्वाच्या कमरेतलं इंजेक्शन

"सिस्टर, तुम्ही नक्की कोणत्या वॉर्डात होता?" असं निवृत्तीनंतर लोक मला विचारतात. मी "मणक्याच्या इंजेक्शनला" म्हटलं की समोरच्याचा हात आपोआप स्वतःच्या कमरेवर जातो. लग्नात जेवणाच्या रांगेत उभी असले तरी कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "माझी ही डावीकडची कळ बघा की जरा, कशाची असेल?" मी डॉक्टर नाही, हे सांगून झाल्यावरच ताट हातात येतं.

सोलापुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात माझी सगळी नोकरी गेली आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं या एका कामात गेली. काम समजायला अवघड नाही. पाठीच्या दोन मणक्यांमध्ये मऊ गादी असते. ती सरकून शेजारच्या नसेवर दाबली की कमरेतून निघालेली कळ थेट पायात उतरते. बहुतेकांना गोळ्या, विश्रांती आणि व्यायामानं बरं वाटतं. थोड्यांना ऑपरेशन लागतं. या दोन्हींच्या मधल्या काही लोकांना आमचे जोशी सर नसेच्या जवळ, सूज उतरवणारं औषध बारीक सुईनं द्यायचे. सुई नेमकी कुठं चालली आहे ते बाजूच्या पडद्यावर एक्स-रेच्या यंत्रानं दिसत राहतं. माणूस सकाळी येतो आणि संध्याकाळच्या आत घरी जातो.

सुई सरांची. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं माझं. आधी म्हणजे माणसाला तयार करायचं, आणि खरी मेहनत तिथंच. सरांचं काम चहा निवण्याइतक्या वेळात आटपायचं, माझं कधीकधी आठवडाभर चालायचं.

आता हेच बघा. आम्ही सकाळी काही न खाता यायला सांगायचो. दुसरीकडे वेगळा नियम असेल, तुमचे डॉक्टर सांगतील ते खरं. बार्शीचे एक आडते आले होते. मी विचारलं, "उपाशी आहात ना?" "व्हय की, एकदम उपाशी." तोंडाला तळणाचा वास. पुन्हा विचारलं तर म्हणाले, "जेवलो न्हाय म्हणजे उपाशीच की. दोन भजी खाल्ली, ती काय जेवण हाय व्हय?" त्यांना दुपारपर्यंत बसवून ठेवलं. तेवढ्या वेळात त्यांनी बाकड्यावरच्या सगळ्यांना तुरीचा भाव कुठं जाणार ते समजावून सांगितलं.

अशा गमती पुष्कळ. पण मला कोणी एकच आठवण सांगायला लावली तर मी शरणव्वाची सांगेन.

शरणव्वा अक्कलकोटकडच्या एका खेड्यातली. साठी ओलांडलेली, उंच, काटक. घरात कानडी बोलायची, आमच्याशी मराठी. ज्वारीच्या कडक भाकरी करून ती सोलापूरच्या दुकानांना द्यायची. सून आणि गल्लीतल्या दोघी बायका हाताखाली होत्या, पण भाकरी थापायची ती शरणव्वानंच. दुसऱ्या कोणाच्या हातची भाकरी पापडासारखी एकसारखी पातळ होत नाही, असं तिचं ठाम मत होतं आणि दुकानदारांचंही. चुलीपुढं एक गुडघा वर घेऊन बसायची ती दुपार झाली तरी उठायची नाही. उजव्या पायातली कळ तिनं पुष्कळ दिवस अंगावर काढली. शेवटी चालताना उजव्या पायातली चप्पल निसटायला लागली आणि निसटलेली तिला कळेना, तेव्हा मुलानं तिला सरांकडं आणलं.

सरांनी एमआरआय बघितला, तिला पंजा वर उचलायला लावला. पंजा उचलत होता, पण डाव्याइतका नाही. सर म्हणाले, "मावशी, नस दबलीय. इंजेक्शन देऊन बघू. पण लवकर द्यायचं. पंजा आणखी पडला तर मग ऑपरेशनच करावं लागेल."

शरणव्वा एकच शब्द म्हणाली, "बेडा." नको.

तिच्या मुलाचं नाव मल्लिनाथ. शाळेत क्लार्क, शांत माणूस, आईला अव्वा म्हणणारा. त्यानं मला बाहेर गाठून सांगितलं, "सिस्टर, गावात कुणीतरी अव्वाला सांगितलंय की कमरेत सुई घातली की पाय जातात. पलीकडच्या गावात एकाचे गेले म्हणं." त्या माणसाचं नाव काय, ते कोणालाच माहीत नव्हतं. हा पाय गेलेला माणूस मला नोकरीभर भेटत राहिला. कधी तो माढ्याचा असायचा, कधी बार्शीकडचा, आणि नेहमी पलीकडच्या गावातला.

तरी मल्लिनाथनं कशीबशी समजूत घातली आणि ठरलेल्या दिवशी सकाळी तिला घेऊन आला. मी तिला तयारीच्या खोलीत नेलं. बीपी, साखर बघितली. ताप, जखम, कुठल्या औषधानं अंगावर पुरळ येतं का, ते विचारलं. मग गोळ्यांचं विचारलं. बीपीची एक घेते म्हणाली, ती आमच्या केसपेपरवर होतीच.

"रक्त पातळ करायची गोळी?"

"न्हाय."

"छातीचा काही त्रास झाला होता का कधी?"

"कंबर दुकतीय म्हणून आलीय बाई मी. छातीचं कशाला इचारतीस?"

मी तिला हॉस्पिटलचा गाऊन दिला. गळ्यातलं इष्टलिंग काढायचं म्हटल्यावर तिनं गाऊन परत माझ्या हातात दिला. "हे न्हाय काडणार. मेल्यावरच." मला त्याचं नवल वाटलं नाही. लिंगायत घरातली पुष्कळ माणसं आमच्याकडं यायची. मी सरांना विचारून आले. इंजेक्शन कमरेत असल्यानं तसा काही अडथळा नव्हता, फक्त पालथं झोपल्यावर ते छातीखाली रुतलं असतं. मी म्हटलं, "मावशी, काढू नका. गळ्यातनं हातात घ्या. मुठीत धरून झोपा." तिनं जरा विचार केला, मग मान हलवली. लिंग तळहातावर घेऊन पूजा करतातच, तेव्हा हातात चालत होतं.

कपडे बदलताना तिनं कमरेची पिशवी सोडून माझ्याकडं सांभाळायला दिली. पिशवी कापडी, वरून उघडीच. आत सुपारी, विभूतीची पुडी, आणि गोळ्यांची एक पट्टी अर्धी बाहेर आलेली. पट्टीवरचं नाव वाचलं आणि मी थांबले. रक्त पातळ करायचीच गोळी होती.

"मावशी, ही कशाची?"

"ती व्हय? ती लेकीच्या गावचा डॉक्टर दिलाय. छातीत स्प्रिंग बसवली की, तवापासनं घेतीय. रोज एक. आज सकाळीबी घेतली."

बाहेर येऊन मल्लिनाथला विचारलं. त्यालाही माहीत होतं. कलबुर्गीला बहिणीकडं असताना अव्वाच्या छातीत दुखलं होतं, तिथंच सगळं झालं होतं. "पण पाठीच्या डॉक्टरांना छातीचं कशाला सांगायचं म्हणून न्हाय सांगितलो," तो म्हणाला. त्याला लपवायचं नव्हतं. अशीच उत्तरं मला सुशिक्षित घरांतूनही मिळाली आहेत. दुखणं शरीराच्या ज्या भागाचं, त्याच भागाच्या गोष्टी डॉक्टरला सांगायच्या, असं आपल्याकडं जणू ठरूनच गेलंय.

सरांना सांगितलं. ते आत हात धुवायला निघाले होते, ते परत फिरले. "आज नाही करायचं."

मल्लिनाथ कधी आवाज चढवणारा नव्हता, पण त्या दिवशी चढला. "सर, एका गोळीनं काय होतंय? रजा टाकून आलो. आज परत नेलो तर ती पुन्हा हितं पाय ठेवत न्हाय."

सरांनी त्याला खुर्ची दिली. "रक्त पातळ असताना मणक्यात सुई घातली आणि आत रक्त साचलं, तर ते नसेला दाबतं. मग खरंच पाय जाऊ शकतात. आणि गोळी आपल्या मनानं बंद केली तर हृदयातल्या त्या स्प्रिंगमध्ये, म्हणजे स्टेंटमध्ये, गुठळी होऊ शकते. म्हणून आधी तिकडच्या डॉक्टरांशी मी बोलतो."

मल्लिनाथनं बहिणीला फोन लावून तिकडच्या डॉक्टरांचा नंबर मागितला. मी मनातल्या मनात त्या पलीकडच्या गावातल्या माणसाला हात जोडले. कोण जाणे, कधीतरी कुठंतरी तो खरोखर असेलही, आणि त्याला कोणी गोळ्यांचं विचारलं नसेल.

त्या सगळ्या गोंधळात आनंदी एकच माणूस होतं, शरणव्वा. आज सुई नाही म्हटल्यावर तिनं झटकन लुगडं नेसलं, मल्लिनाथच्या हातातल्या पिशवीतनं भाकरीची चवड आणि शेंगाची चटणी काढली आणि माझ्या टेबलावरच जेवायला बसली. मलाही दिली, झाडणाऱ्या बाईला दिली, सरांसाठी फडक्यात बांधून ठेवली. "देवच आडवा आला बग," म्हणाली. मी भाकरी खाल्ली. कुरकुरीत आणि हलकी, तशी मी पुन्हा कुठं खाल्ली नाही. ती लिफ्टकडं निघाली तेव्हा उजवी चप्पल माझ्या दारातच राहिली. ती पुढं गेली होती. मल्लिनाथनं चप्पल उचलली आणि माझ्याकडं बघितलं. मग तिच्या मागं गेला.

सर कलबुर्गीच्या डॉक्टरांशी बोलले. स्प्रिंग बसवून पुरेसा काळ झाला होता. ही गोळी काही दिवस बंद ठेवायची, तोवर तिच्याऐवजी दुसरी एक घ्यायची आणि इंजेक्शननंतर हीच पुन्हा कधी सुरू करायची, ते त्यांनी नीट ठरवून दिलं. तारीख पडली. मी फोन केला तर सुनेनं उचलला. "सिस्टर, अव्वा म्हणतात कंबर बरी झाली."

"मग त्यांनाच द्या की फोन."

"भाकरी थापाय बसल्यात."

थापण्याचा आवाज मला ऐकू येत होता. थोडा वेळ चालायचा, थांबायचा, मध्येच एक उसासा, पुन्हा चालायचा. मी सुनेला म्हटलं, "त्यांना विचारा, चप्पल पायात राहतीय का?"

सुनेनं कानडीत विचारलं. आवाज थांबला. मग फोनवर शरणव्वाच आली. "इल्ल," म्हणाली. नाही.

आता तिला सगळं सांगायचं का, हे मला ठरवायचं होतं. इंजेक्शनात बधिर करायचं औषधही असतं. ते नसेजवळ गेलं की काही लोकांचा पाय तास-दोन तास जड पडतो, कधी हलतही नाही. मग आपोआप येतो. मल्लिनाथनं मला आधीच विनवलं होतं, "सिस्टर, हे तेवढं अव्वाला सांगू नका. ऐकली तर संपलंच." आमच्या कामात "काही होत नाही हो" असं म्हणून माणसाला आत न्यायची सवय पुष्कळांना असते, आणि ते सोपंही पडतं. पण ज्या बाईला पाय जायचीच भीती आहे, तिचा पाय न सांगता बधिर झाला तर त्या तासाभरात तिचं काय होईल? छातीत स्प्रिंग असलेली बाई.

मी सांगितलं. फोनवरच, मला येत होतं तेवढ्या मोडक्या कानडीत आणि बाकीचं मराठीत. टोचताना स्वल्प नोवु, म्हणजे थोडं दुखणार. नंतर कदाचित पाय झोपी जाणार. मग जागा होणार. दुखणं त्याच दिवशी जाईलच असं नाही. फायदा होईलच याचीही खात्री नाही, बऱ्याच जणांना होतो.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पाय जातंय म्हणून तूच सांगतीस की."

"झोपतो म्हणाले. जातो नाही म्हणाले."

"मी आली तर तू आत असणार की?"

"असणार."

"कुटवर?"

"तुमचा पाय हलेपर्यंत."

फोन ठेवला गेला. तारखेच्या दिवशी सकाळी मी दर थोड्या वेळानं खिडकीतून खाली बघत होते. रिक्षातून आधी मल्लिनाथ उतरला आणि मग त्याच्या खांद्याला धरून शरणव्वा. वर आल्याआल्या तिनं मला ऐकवलं, "ती गोळी न्हाय घेतली. भाकरीबी न्हाय खाल्ली. चहाबी न्हाय पिली. आणि काय सोडू सांग."

आत टेबलावर पालथं झोपवून पोटाखाली उशी दिली, म्हणजे कंबर जरा वर येते आणि मणक्यांमधली फट उघडते. हात डोक्याशी, उजव्या मुठीत लिंग. मी शिशाचा जड एप्रन घालून तिच्या तोंडापाशी उभी राहिले. सरांनी कमरेवर औषधाचा बोळा फिरवला. तो फार गार लागतो, सगळे दचकतात, तीही दचकली. "आता मुंगी चावल्यासारखं होईल," सर म्हणाले. ते कातडी बधिर करायचं इंजेक्शन, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त झोंबतं ते तेवढंच. पुढं दाबल्यासारखं वाटतं.

"मावशी, तुमची नेहमीची कळ पायात गेली की सांगा. पण हलायचं नाही."

थोड्या वेळानं ती शांतपणे म्हणाली, "गेली की. बोटापर्यंत गेली. दमानं दाब रे लेकरा, पीठ मळतूस व्हय?"

सरांचा हात स्थिर होता, पण मास्कच्या वर डोळे हसत होते. पडद्यावर औषधाची बारीक रेघ नसेच्या कडेनं उतरलेली दिसली. सरांनी मान हलवली. सुई निघाली, एक छोटी पट्टी लागली. संपलं.

तिला बाहेर पलंगावर आणलं. बीपी चांगलं होतं. मी डावा पाय हलवायला सांगितला, हलला. उजवा सांगितला. तिनं जोर लावलेला तिच्या चेहऱ्यावर दिसला, पण पाय जागचा हलला नाही.

तिनं पुन्हा प्रयत्न केला नाही. वर पंख्याकडं बघत पडून राहिली. मल्लिनाथ दारात उभा होता, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. सर येऊन बघून गेले, पायाची बोटं, कातडी, सगळं तपासलं. "औषधाचाच परिणाम आहे, येईल," म्हणाले. मलाही ते माहीत होतं, असे पाय मी कितीतरी बघितले होते. तरी मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.

बराच वेळ तशीच बसले. माझ्याकडं सांगण्यासारखं नवीन काही नव्हतं, जे होतं ते फोनवर सांगून झालं होतं. मग सुचलं ते विचारलं, "मावशी, माझी भाकरी कडक होत नाही. वातड होते. काय चुकतं?"

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "पाणी कसलं घेतीस?"

"गार."

"मग कसं व्हईल?" म्हणाली, आणि सुरू झाली. पाणी कढत पाहिजे. पीठ ताजं दळलेलं पाहिजे. मळताना हाताला कंटाळा आला तरी मळायचं. थापताना हाताची कड फिरवायची, बोटं न्हाय. तव्यावर फुगू द्यायची न्हाय, फुगली की दाबायची. मग चुलीच्या कडंला उभी करून निवांत वाळू द्यायची. "आणि बसतीस कशी?"

"ओट्याशी उभी राहते."

"उबं राहून भाकरी व्हय?" तिनं मला जवळजवळ दटावलंच. "असं बसायचं. असा गुडगा वर घेऊन, अशी टाच..." बोलता बोलता तिनं पांघरुणाखाली गुडघा ओढून घेतला. पूर्ण नाही. अर्धाच. पण उजवा.

मी नुसती पांघरुणाकडं बघत राहिले. तिनंही बघितलं. मग हळूच पंजा हलवला, परत हलवला.

"बंतु," ती म्हणाली. आला. मग मल्लिनाथकडं बघून, "मल्लू, बंतु नोडु." बघ, आला. मल्लिनाथ बाहेर जाऊन व्हरांड्यात नाक शिंकरत उभा राहिला.

सगळं तिथंच गोड झालं असं नाही. दोन दिवसांनी तिचा फोन आला, चांगली तापलेली. "दुकाय लागलं की पुन्ना. फसवलीस." बधिरपणा गेला की जुनं दुखणं एकदा तोंड दाखवतं, सूज उतरवणाऱ्या औषधाला काही दिवस लागतात, हे मी आधी सांगितलं होतं. पुन्हा सांगितलं. ती माझं ऐकून न ऐकल्यासारखं करून फोन ठेवून मोकळी झाली. त्यानंतर तिचा फोन आला नाही, आणि आमच्या धंद्यात फोन न येणं ही चांगली खूण. पण नेहमीच नाही. एका कारखान्यातले चादरी विणणारे एक मास्तर होते, अत्यंत सज्जन. त्यांना इंजेक्शनाचा काडीचा उपयोग झाला नाही, शेवटी ऑपरेशन करावं लागलं. ते कधी तक्रार करायला आले नाहीत. बाजारात भेटले की नमस्कार करायचे, आणि तो नमस्कार मला तक्रारीपेक्षा जड जायचा.

महिन्यानं शरणव्वा दाखवायला आली. सरांनी पंजा उचलायला लावला, हातानं दाबून बघितला. डाव्याच्या जवळ आला होता. कळ पूर्ण गेली नव्हती, पण आता ती रात्रीची झोपत होती आणि चप्पल पायात राहत होती. सरांनी खाली बसून थापायचं बंद करा म्हणून बजावलं. तिनं ते मानलं, याचं मला आश्चर्य वाटलं. मल्लिनाथनं भाकरी करायच्या शेडमध्ये ओटा बांधून घेतला होता. उभं राहून थापलेल्या भाकरीला भाकरी म्हणायला ती अजून तयार नव्हती, पण दुकानदारांना फरक कळला नाही, हे तिनं जरा नाराजीनंच सांगितलं. फिजिओथेरपीचे व्यायाम मात्र गल्लीतल्या त्या दोघी बायकांनाही करायला लावते म्हणाली.

"परत येईल का गं हे?" तिनं जाताना विचारलं.

"येऊ शकतं," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली, आणि बाहेर गेली.

बाहेर बाकड्यावर त्या दिवशीच्या इंजेक्शनसाठी आलेली एक तरुण शिक्षिका बसली होती. रडून डोळे लाल झालेले. मी आतून तिला हाक मारणार, तेवढ्यात शरणव्वा तिच्या शेजारी बसलेली दिसली. तिचा हात हातात घेऊन तिला सांगत होती, "काय बी न्हाय गं. गोळ्या सगळ्या सांग, उपाशीच ऱ्हा, पालथी झोप. कायसुदिक दुकत न्हाय."

असं ऐकून ती पोरगी आत गेली असती आणि दुखलं असतं, तर तिचा विश्वासच उडाला असता. म्हणून मी दारात येऊन म्हटलं, "मावशी, खोटं सांगू नका. थोडं दुखतं."

शरणव्वानं माझ्याकडं बघितलं, मग त्या मुलीकडं वळून आवाज बारीक केला, पण मला ऐकू जाईल इतकाच. "थोडं दुकतंय म्हणं. ह्यांना टोचलंय का कदी?"

ती शिक्षिका हसली. मी केसपेपर घेतला आणि तिला आत घेऊन गेले.